इंजिन मागेल तेवढीच हवा
वाचकांचे प्रश्न: कार्ब्युरेटरची निवड आणि ट्यूनिंग

कार्ब्युरेटरबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एक समज आहे, की मोठा कार्ब बसवला की ताकद वाढते. ताकद इंजिन तयार करतं. इंजिन जेवढी हवा ओढतं, तेवढ्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणं एवढंच कार्बचं काम. म्हणून आधी इंजिनाची भूक मोजायची आणि मग कार्ब निवडायचा.

प्रश्न: माझी कार्बवाली एस्टीम आहे, १२९८ सीसी. हेडचे पोर्ट साफ करून घेतलेत, कॅम थोडी तिखट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी) आहे, चार-दोन-एक एक्झॉस्ट आहे. वेबर कंपनीचा एकच ३२/३६ कार्ब बसवू की ४० डीसीओईची जोडी? मित्र म्हणतो, घ्यायचीच तर ४५ ची जोडी घे. (ठाणे)

आधी हिशेब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. १.२९८ लिटर गुणिले ६,५०० आरपीएम, भागिले २, म्हणजे मिनिटाला ४,२१८ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. तुमच्यासारख्या कामाच्या इंजिनात ८५ टक्के धरा. म्हणजे हवा लागते साधारण ३,६०० लिटर, सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) सुमारे १२७.

३२/३६ डीजीव्ही याच घराण्यातला कार्ब फोर्डने आपल्या दोन लिटरच्या पिंटो इंजिनावर दिला होता. तुमच्या १.३ ला तो कमी पडणार नाही. त्यात आधी ३२ मिमीची प्रायमरी बॅरल (हवेची नळी) चालते, पेडल बरंच दाबल्यावर ३६ ची सेकंडरी उघडते. शहरात तुम्ही जवळजवळ पूर्ण वेळ प्रायमरीवर असता, म्हणून हवेचा वेग टिकतो आणि गाडी खालून उचलते. आतल्या व्हेंच्युरी (हवेचा वेग वाढवणारे अरुंद गळे) २६ आणि २७ मिमीच्या आहेत. त्या बॉडीबरोबरच ओतलेल्या असतात, बदलता येत नाहीत. सगळी जुळणी जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तुकड्यांवर, करायची.

डीसीओई म्हणजे दोन बॅरलचा आडवा कार्ब, त्याची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची बॅरल मिळते आणि ती बॅरल चार स्ट्रोकपैकी एकातच हवा ओढते. त्यामुळे वरचा एकूण हवेचा हिशेब तिथे चालत नाही. व्हेंच्युरीसाठी हे सूत्र वापरा: एका सिलिंडरचे लिटर गुणिले हजारांतले आरपीएम, त्याचं वर्गमूळ काढून २० ने गुणा. तुमच्यासाठी ०.३२४५ गुणिले ६.५ म्हणजे २.११, वर्गमूळ १.४५, उत्तर २९ मिमी. बाजारातली ३० ची घ्या. इंग्रजी पुस्तकांत व्हेंच्युरीलाच चोक म्हणतात, आपल्या सकाळी ओढायच्या चोकशी त्याचा संबंध नाही. ‘४०’ हा आकडा थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या झडपेच्या) बोअरचा आहे, व्हेंच्युरीचा नाही.

आता मित्राच्या ४५ चं बघा. त्यात ३४ मिमीची व्हेंच्युरी घातली आणि सूत्र उलटं चालवलं, तर ती तुमच्या इंजिनाला ८,९०० आरपीएमला शोभेल. त्याखाली हवेचा वेग पडतो, व्हेंच्युरीतला दाब पुरेसा उतरत नाही, मेन जेट उशिरा सुरू होतो. पेट्रोल बारीक तुषारात न फुटता मॅनिफोल्डच्या (कार्बपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांच्या) भिंतीवर बसतं. सायन सर्कलला दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबाल तेव्हा गाडी आधी गुदमरेल, मग झटका देईल.

आमचं मत स्पष्ट आहे. गाडी रोज ऑफिसला जाणार असेल तर ३२/३६. ४,००० च्या वर खेळवायला वेगळी गाडी ठेवली असेल आणि सेटिंगला चार-पाच रविवार देता येत असतील, तर ३० च्या व्हेंच्युरीची ४० ची जोडी. खरेदीआधी मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून समोरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजा. ट्रंपेटचं (कार्बच्या तोंडावरच्या कर्ण्याचं) तोंड आणि फिल्टरचं झाकण यांत किमान ४० मिमी मोकळी जागा लागते. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एकाच रनरवरून (मॅनिफोल्डच्या एका सिलिंडरच्या नळीवरून) घेतला तर तो सिलिंडर आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, वेगळा वागतो. चारही रनरना बारीक छिद्रं पाडून ती एका नळीत जोडा आणि तिथून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमार्गे बूस्टरला न्या. डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) व्हॅक्यूम ॲडव्हान्सही या मांडणीत नीट चालत नाही, म्हणून डेल्कोचा ॲडव्हान्स नव्याने जुळवून घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरा.

प्रश्न: १.३ इंजिनावर ४० डीसीओईची जोडी बसवली. आयडल कधी ८०० तर कधी १,२००. २,००० ते २,५०० च्या दरम्यान कार्बमधून फटाके येतात, वर मात्र गाडी सुसाट. मेकॅनिकने मेन जेट दोनदा मोठे केले, फरक शून्य. कोणते जेट घालू? (बोरिवली)

फरक पडणार नव्हता, कारण त्या आरपीएमला मेन जेट चालूच नसतो. डीसीओईमध्ये हलक्या पेडलवर साधारण २,८०० ते ३,००० पर्यंत इंजिन आयडल जेट आणि प्रोग्रेशनच्या (पेडल हलकं दाबताच थ्रॉटलच्या कडेशी उघडणाऱ्या) छिद्रांवर चालतं. मुंबईत गाडी दिवसभर याच पट्ट्यात असते. म्हणून इथे आयडल जेटला मेन जेटपेक्षा जास्त वेळ द्यावा.

सुरुवात या सेटिंगने करा: व्हेंच्युरी ३०, मेन जेट १२०, एअर करेक्टर (मेनच्या पेट्रोलात हवा सोडणारा जेट) १७० ते १८०, इमल्शन ट्यूब (ती हवा पेट्रोलात मिसळणारी नळी) एफ११ किंवा एफ१५, आयडल जेट ४५ एफ८, पंप जेट (पेडल दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा) ३५ ते ४०, निडल व्हॉल्व्ह (कार्बमध्ये पेट्रोल येऊ देणारी झडप) १.७५. मेन जेटचा ठोकताळा म्हणजे व्हेंच्युरी गुणिले चार. एअर करेक्टर त्याहून ५० ते ६० मोठा. जेटवरचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो, १२० म्हणजे १.२० मिमी. पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून १२० चा १२५ केला की पेट्रोल जवळपास साडेआठ टक्के वाढतं. पाचाची पायरी छोटी समजू नका.

पण जेटला हात लावण्यापूर्वी हे सगळं याच क्रमाने तपासा. टॅपेट, कॉम्प्रेशन, प्लग, टायमिंग. मग मॅनिफोल्ड कुठे बाहेरची हवा घेतो का. मग पेट्रोलचा दाब. मग फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून निडल बंद करणाऱ्या भागाची) पातळी: पितळी फ्लोट असेल तर झाकण उभं धरून, गॅस्केटपासून फ्लोटपर्यंत ८.५ मिमी बंद स्थितीत आणि १५ मिमी पूर्ण उघड्या स्थितीत. प्लॅस्टिकच्या फ्लोटचं माप वेगळं असतं, ते कार्बसोबतच्या कागदावरून घ्या. पातळी चुकली तर पुढचा प्रत्येक जेट खोटं बोलतो.

आता फटाक्यांकडे. खालच्या आरपीएमला कार्बमधून उलटा फटका म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. कारणं दोन असू शकतात. आयडल जेट लहान आहे, किंवा आयडल स्पीडचा स्क्रू इतका आत घेतलाय की थ्रॉटलच्या प्लेटने प्रोग्रेशनची छिद्रं आधीच उघडी केली आहेत. तुमचं आयडल फिरतंय त्यावरून दुसऱ्या कारणाची शंका जास्त. प्रत्येक बॅरलवर प्रोग्रेशनच्या खोलीचं छोटं पितळी झाकण असतं, ते काढून टॉर्चने बघा. आयडलला प्लेटची कड पहिल्या छिद्राच्या अलीकडेच असावी, छिद्र झाकलेलं दिसावं.

यानंतर दोन्ही कार्बमधली लिंकेज (थ्रॉटल एकत्र उघडणारी जोडणी) सोडा. बारीक आट्यांचे मिक्श्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण कमीजास्त करणारे) हलक्या हाताने बसेपर्यंत आत, मग अडीच आटे बाहेर. इंजिन पूर्ण गरम करा. सिंक्रोमीटरने प्रत्येक ट्रंपेटवर हवा मोजा. आकडा नेमका किती यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एकाच कार्बच्या दोन बॅरलमध्ये फरक असेल तर स्पिंडल (थ्रॉटलचा दांडा) पिळलेला असू शकतो. नव्या बनावटीच्या कार्बवर त्यासाठी हवेचे बायपास स्क्रू असतात. जास्त ओढणाऱ्या बॅरलचा पूर्ण बंद ठेवा, कमी ओढणाऱ्याचा थोडा उघडा. चारही जुळले की लिंकेज जोडा आणि पुन्हा मोजा, कारण जोडतानाच बिघडतं.

मग एकेका मिक्श्चर स्क्रूवर इंजिन सर्वांत गोड चालेल ती जागा शोधा. ती तीन आट्यांच्या पलीकडे सापडली तर आयडल जेट लहान आहे, ५० घाला. दीडच्या आत सापडली तर मोठा आहे. आकड्यानंतरचा एफ क्रमांक हवेच्या छिद्राचा असतो, एफ९ हा एफ८ पेक्षा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

आणखी एक. डीसीओई मॅनिफोल्डवर घट्ट आवळायचा नसतो. मध्ये रबरी रिंगची प्लेट, नटाखाली दुहेरी स्प्रिंग वॉशर, आणि त्याच्या वळ्यांत थोडी फट दिसली पाहिजे. घट्ट आवळला तर इंजिनाच्या कंपनाने फ्लोटच्या खोलीत पेट्रोलला फेस येतो. मग एका ठरावीक आरपीएमला गाडी मिसिंग करते आणि माणूस महिनाभर जेट बदलत बसतो.

प्रश्न: ३२/३६ बसवलाय. मिक्श्चर स्क्रू साडेतीन आटे बाहेर काढल्याशिवाय आयडल राहत नाही. चालेल का? (चेंबूर)

चालवू नका. प्रायमरीचा आयडल जेट लहान आहे, किंवा कुठूनतरी हवा घेतोय. कार्बच्या पायाशी आणि ब्रेकच्या नळीशी आधी बघा. हवा घेत नसेल तर पुढची रीत करा. स्पीडचा स्क्रू लिव्हरला नुसता टेकवा, तिथून अर्धा आटा आत. मिक्श्चर स्क्रू बसवून दोन आटे बाहेर. गरम इंजिनावर मिक्श्चर स्क्रू हळू आत घ्या, इंजिन पडायला लागलं की थांबा आणि पुन्हा बाहेर घेत सर्वांत गुळगुळीत जागी आणा. गोड जागा दोन आट्यांच्या आसपास, अर्धा इकडेतिकडे, यायला हवी. त्याच्या पलीकडे गेली तर जेट एक पायरी मोठा, अलीकडे आली तर लहान. स्पीडचा स्क्रू दीड आट्यापेक्षा जास्त आत गेला असेल, तर तुम्ही प्रोग्रेशनवर आयडल चालवताय आणि वरची सगळी मापं निरर्थक आहेत.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, इंजिन नुकतंच बांधलंय. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते. बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं की नुसता स्टार्टर फिरतो. सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. (गिरगाव)

इथेनॉलचा वाटा आहे, पण त्याआधी दोन वेगळे आजार ओळखा. बंद केलेल्या गाडीत मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, फ्लोटच्या खोलीतलं पेट्रोल उकळून व्हेंच्युरीत सांडतं. इंजिन ओलं होतं. सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी पेडल पंप न करता पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. दुसरा आजार पंपात किंवा नळीत वाफ अडकण्याचा. त्यात खोली रिकामी असते, वास येत नाही, आणि चालत्या ट्रॅफिकमध्ये गाडी हळूहळू मरते. तुमच्या वर्णनात दोन्ही दिसतात.

पहिल्यावर उपाय: कार्बखाली ८ ते १० मिमी जाड बेकलाइटचा स्पेसर. लोहार चाळीत इन्सुलेशनच्या दुकानांत हायलमची (बेकलाइटसारखी) पट्टी विचारा, टर्नरकडून छिद्रं कापून घ्या, दोन्ही बाजूंना पातळ गॅस्केट, स्टड तेवढेच लांब. दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का ते काचेवर ठेवून बघा. बॉनेट आणि ॲक्सिलरेटरची लिंक अडत नाही ना, तेही. त्याखाली दीड-दोन मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, एक्झॉस्ट आणि कार्बच्या मधे, दोघांनाही न टेकता.

दुसऱ्यावर उपाय: पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून किमान पाच सेंमी दूर. कार्बच्या तोंडाशी टी लावून टाकीकडे परतीची नळी न्या, त्या वाटेत एक ते दीड मिमीचं छिद्र ठेवा. त्यामुळे इंजिन चालू असताना थंड पेट्रोल फिरत राहतं आणि वाफ टाकीत जाते. पंपाखालचा मूळ इन्सुलेटर असेल तर त्याची जाडी बदलू नका, लिव्हरचा स्ट्रोक बिघडतो.

आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचं आदर्श प्रमाण १४.७, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला (ई-२०) ते साधारण १३.५. जुन्या पेट्रोलवर नीट लागलेला कार्ब ई-२० वर आठ-नऊ टक्के लीन होतो. म्हणजे मेन जेटची बरोबर एक पायरी, आणि आयडलला मिक्श्चर स्क्रू थोडा बाहेर. लीन इंजिन गरमही जास्त होतं. रबराचं नुकसान मात्र जेटने भरून निघत नाही. जुन्या नळ्या आतून सुटतात, काळे कण निडलखाली अडकतात. पंपाचा आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम कडक होतो. नळ्या व्हायटॉन अस्तराच्या घ्या, डायाफ्राम ई-२० चालेल असं विचारून. शिवाय इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि कार्बमधलं पेट्रोल संपवून बंद करा. नाहीतर खोलीच्या तळाशी पांढरी भुकटी जमते.

प्रश्न: इलेक्ट्रिक पंप लावल्यापासून कार्बच्या कडेने पेट्रोल पाझरतं. निडल दोनदा बदलली. (घाटकोपर)

पंप जास्त दाब देतोय. या कार्बना साधारण ३ पीएसआय पुरे, साडेतीनच्या वर निडल तोल सोडते. एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्शनच्या) गाडीचा पंप असेल तर आजच काढा, तो याच्या दहापट दाबाचा असतो. कमी दाबाचा पंप, त्यानंतर रेग्युलेटर, आणि ०–१५ पीएसआयचा गेज नागदेवीच्या बाजारातून आणून कार्बच्या अगदी जवळ लावून दाब बघा. पुरवठ्याची चिंता नको, ८० बीएचपीला पूर्ण पेडलवर तासाला सुमारे २५ लिटर लागतं. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल. अपघातात नळी तुटून पंप चालू राहिला तर आग लागते. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न: पावसाळ्यात मिसिंग होतं. लोणावळा, महाबळेश्वरलाही जातो. वेगळे जेट ठेवू का? (परळ)

पावसातलं मिसिंग बहुतेक वेळा डेल्कोचं असतं. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालवा, कॅपवर किंवा वायरींवर निळ्या ठिणग्या दिसतील. कॅपच्या आत कार्बनची बारीक रेघ असेल तर पुसून चालत नाही, कॅप बदला. उघडे ट्रंपेट असतील तर पावसाळ्यात फिल्टर हवाच.

घाटात हवा विरळ होते आणि मिश्रण रिच होतं, पण हवेच्या घटीच्या साधारण निम्म्यानेच. लोणावळ्याला हवा सहा टक्के कमी, मिश्रण तीन टक्के रिच, म्हणजे अर्धी पायरीही नाही. महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटरवर मिश्रण सहा-सात टक्के रिच. तिथे महिनाभर राहणार असाल तर एक पायरी लहान घाला, दोन दिवसांसाठी नको. त्यापेक्षा फिल्टरला बाहेरची थंड हवा द्या. दर तीन अंशांमागे हवा साधारण एक टक्का विरळ होते, आणि बॉनेटखाली तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

प्रश्न: प्लगचा रंग बघून सेटिंग करावं की लॅम्डा मीटर घ्यावा? (अंधेरी)

वाइडबँड लॅम्डा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा मीटर, घ्या. हल्लीच्या पेट्रोलवर प्लगचा रंग उशिरा आणि फिकट येतो. सेन्सरचा बोल्ट एक्झॉस्टच्या चारही नळ्या एकत्र झाल्यावर, पोर्टपासून अर्धा मीटर तरी पुढे, आणि आडव्यापेक्षा वर कललेला वेल्ड करा, नाहीतर पाण्याचा थेंब सेन्सर फोडतो. ई-२० वर हवेच्या प्रमाणाचा आकडा गोंधळ करतो, म्हणून लॅम्डाच वाचा (१.० म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली रिच): पूर्ण पेडलवर ०.८६ ते ०.८८, एकसारख्या वेगात १.० च्या जवळ, आयडलला ०.९२ ते ०.९५. तिखट कॅमवर आयडलला, आणि मिसिंग होत असताना, मीटर खोटं लीन दाखवतो, कारण न जळलेल्या चार्जमधला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. तिथे कानावर भरवसा ठेवा.

पेडल दाबताक्षणी गुदमरलं तर पंप जेट बघा. एक-दोन सेकंदांनी गुदमरलं तर प्रोग्रेशन किंवा इमल्शन ट्यूब. फक्त ५,५०० च्या वर लीन होत असेल तर एअर करेक्टर दहाने लहान करा, मेनला हात लावू नका.

प्रश्न: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी ४० ची जोडी मिळते आहे. काय बघून घेऊ? मेकॅनिक म्हणतो जेट ड्रिलने मोठे करून देतो. (कुर्ला)

स्पिंडल बोटांनी वरखाली हलवा, खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेत. थ्रॉटल बंद करून उजेडासमोर धरा, दोन्ही प्लेटच्या कडेने सारखीच रेघ दिसली पाहिजे. मिक्श्चर स्क्रू काढून टोक बघा. त्यावर गोल चरा पडला असेल तर कोणीतरी आवळून बसवलाय आणि आतली सीटही चिरलेली असू शकते, ती जोडी घेऊ नका. फ्लोटच्या खोलीत पांढरे खड्डे नकोत. दोन्ही कार्बचे टाइप क्रमांक सारखे हवेत, कारण प्रोग्रेशनची छिद्रं मॉडेलनुसार बदलतात आणि वेगवेगळी जोडी कधीच एकसारखी लागत नाही.

जेटला ड्रिल लावू देऊ नका. जेटचं तोंड आणि आतली चढण मोजून केलेली असते, ड्रिलने ती खरवडली की १२५ चा जेट १३५ सारखा वाहू शकतो आणि चार जेट चार तऱ्हांनी वाहतात. स्वस्त नकली जेटवरचे आकडेही तपासून घ्या, पिन गेजचा संच त्यासाठी पुरतो.